'१० मीटर' या आकड्याचा इतिहास : ब्लूटूथचा पल्ला आणि आपली सुरक्षितता

पेट किंवा नेटचा अभ्यास करताना, संशोधनाचा आराखडा लिहिताना तुम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तुमची गृहीतकं कोणती?" बहुतेक जण पाठ केलेली दोन-तीन वाक्यं सांगून मोकळे होतात. गृहीतक चुकलं तर नेमकं काय होतं, ते मात्र क्वचितच कोणी दाखवतं. म्हणून आज एका गृहीतकाचा इतिहास सांगतो. ते गृहीतक तुमच्या खिशातल्या फोनमध्येच आहे आणि ते असं : "ब्लूटूथची रेंज दहा मीटर. म्हणजे आपल्याला त्रास देणारा माणूस दहा मीटरच्या आतच असणार."

यातलं पहिलं वाक्य तांत्रिक आहे, दुसरं सुरक्षिततेचं. पहिल्यावरून दुसरं सिद्ध होत नाही. पण जवळपास दहा वर्षं ही दोन वाक्यं एकाच श्वासात उच्चारली गेली. त्याची किंमत लोकांच्या फोनमधल्या नंबरांनी, भेटींच्या नोंदींनी आणि पुढे गाड्यांच्या कुलपांनी मोजली. हे कसं घडलं ते क्रमाने बघू.

आधी होता प्रकाश

ब्लूटूथच्या आधी फोन आणि लॅपटॉप इन्फ्रारेडने बोलायचे. इन्फ्रारेड डेटा असोसिएशन ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या मानकानुसार दोन उपकरणं साधारण एक मीटरच्या आत, एकमेकांसमोर तोंड करून ठेवावी लागत. मध्ये हात आला की काम थांबलं. वापरायला हे कटकटीचं होतं, पण एक गोष्ट त्यात फुकट मिळत होती : कोण कोणाशी बोलतंय ते डोळ्यांना दिसायचं. प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे दार लावलं की बाहेरच्या माणसाचा प्रश्न मिटला. सुरक्षिततेची व्यवस्था वेगळी करावी लागली नाही, कारण खोलीच्या भिंतीच ते काम करत होत्या.

रेडिओ आला तेव्हा ही भिंत गेली. पण मनातली सवय गेली नाही. "जवळचं म्हणजे ओळखीचं" ही समजूत प्रकाशाकडून रेडिओकडे तशीच वारशाने आली. पुढची सगळी गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवा.

दहा मीटर आले कुठून?

१९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसन हा डच अभियंता आणि त्याचा सहकारी स्वेन मॅटिसन यांनी कमी अंतराच्या, कमी वीज खाणाऱ्या रेडिओवर काम सुरू केलं. उद्देश साधा होता : फोन आणि त्याच्या आजूबाजूची उपकरणं यांच्यातली वायर काढून टाकायची. 'ब्लूटूथ' हे नाव इंटेलच्या जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये सुचवलं. ते दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून घेतलेलं आहे. मे १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून ब्लूटूथ एसआयजी हा गट जाहीर केला, आणि १९९९ मध्ये मानकाची पहिली आवृत्ती आली.

आता त्या आकड्याकडे येऊ. इथे थोडं गणित आहे, पण घाबरू नका, बारावीच्या पलीकडचं नाही.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं. या वारंवारितेवर मोकळ्या हवेत १० मीटर गेल्यावर सिग्नल सुमारे ६० डेसिबलने कमी होतो. सुरुवातीच्या साध्या उपकरणाची प्रक्षेपण-शक्ती होती १ मिलिवॅट, म्हणजे ० डीबीएम. तेव्हा १० मीटरवर पोचणारा सिग्नल साधारण उणे ६० डीबीएम. मानकाने रिसीव्हरला काय अट घातली होती? उणे ७० डीबीएम इतका क्षीण सिग्नल तरी त्याला समजला पाहिजे. म्हणजे १० डेसिबल शिल्लक राहिले. ती शिल्लक कशासाठी? भिंत, टेबल, खिसा, माणसाचं शरीर यांच्यासाठी.

आता हेच गणित पुन्हा, पण वकिलाच्या नजरेने वाचा. मानक म्हणतं : रिसीव्हर किमान एवढा चांगला असावा. वापरणाऱ्याला किमान एवढं अंतर मिळावं. हा आकडा ग्राहकाला दिलेली हमी आहे : "दहा मीटरपर्यंत चालेल, काळजी नको." दहा मीटरनंतर सिग्नल संपतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. रेडिओलहरींना मीटरपट्टी कळत नाही. अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने कमी होतो, दहापट झालं की २० डेसिबलने. तो कमी होत जातो, थांबत नाही. ती १० डेसिबलची शिल्लक मोकळ्या मैदानात वापरली, तर किमान दर्जाचा रिसीव्हरसुद्धा ३० मीटरच्या आसपास ऐकू शकतो. शिवाय मानकात १ मिलिवॅट ही एकच पायरी नव्हती, २.५ मिलिवॅटचा वर्ग होता आणि १०० मिलिवॅटचाही, ज्याचा पल्ला सुमारे १०० मीटर सांगितला जाई.

थोडक्यात काय, 'कमीत कमी'चा आकडा लोकांनी 'जास्तीत जास्त' म्हणून वाचला. आपल्या गोष्टीतली मूळ गफलत एवढीच आहे.

उड्या मारणारा सिग्नल म्हणजे गुप्त सिग्नल?

दुसरी एक समजूतही याच काळात रूढ झाली. ब्लूटूथचा सिग्नल एका ठिकाणी थांबत नाही. १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांवर तो सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारतो. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये अशाच उड्यांच्या कल्पनेसाठी अमेरिकी पेटंट मिळालं होतं. शत्रूला टॉर्पेडोचा रेडिओ जाम करता येऊ नये हा त्यामागचा हेतू. ही गोष्ट रंजक आहे, म्हणून ब्लूटूथवरच्या लेखांत ती वारंवार येते, आणि तिच्यासोबत "ब्लूटूथ उड्या मारतं म्हणून सुरक्षित" हे वाक्यही येतं.

पण ब्लूटूथमध्ये उड्या कशासाठी आहेत? २.४ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. तिथे वायफाय आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही आहे. त्या गर्दीतून वाट काढायला उड्या आहेत. उड्यांचा क्रम मुख्य उपकरणाचा पत्ता आणि त्याचं घड्याळ यांवरून ठरतो. यात गुपित असं काही नाही. ज्याला पत्ता आणि घड्याळ कळलं तो मागोमाग उड्या मारू शकतो. त्यासाठी लागणारी उपकरणं सुरुवातीला महाग होती, इतकंच. पुढे मायकल ऑसमन याने 'उबरटूथ' हे स्वस्त, खुलं उपकरण बनवलं आणि ती अडचणही बरीच दूर झाली.

इथे संशोधकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे. "हे करायला महाग आहे" आणि "हे करता येत नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं दरवर्षी बदलतं.

२००१ : कागदावरचा इशारा

मार्कुस याकोबसन आणि सुझान वेट्झेल यांनी २००१ मध्ये ब्लूटूथच्या सुरक्षिततेतल्या त्रुटींवर एक पेपर प्रसिद्ध केला. तेव्हा ब्लूटूथ असलेले फोन बाजारात नुकते येऊ लागले होते. त्यांनी मुख्यत्वे दोन गोष्टी दाखवल्या. एक, जोडणीच्या वेळचं संभाषण कोणी ऐकलं, तर लहान पिनचे सगळे पर्याय घरी बसून तपासता येतील. दुसरी, प्रत्येक उपकरणाचा पत्ता कायमचा एकच असल्यामुळे ठिकठिकाणी रिसीव्हर पेरून ठेवले तर माणूस कुठे कुठे गेला याचा माग काढता येईल.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. यात पल्ला लहान असल्याचा फायदा कोणाला होतोय? पाळत ठेवणाऱ्याला! रिसीव्हर जितक्या कमी अंतराचा, तितकी तुमची जागा अचूक कळणार. जी गोष्ट कवच म्हणून सांगितली जात होती तीच इथे मोजपट्टी झाली. यावर उपाय म्हणून पत्ता अधूनमधून बदलत राहण्याची सोय ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या आवृत्तीत आली, पण त्यासाठी २०१० उजाडावं लागलं.

२००३-०४ : भिंत पडली

नोव्हेंबर २००३ मध्ये ॲडम लॉरी या ब्रिटिश संशोधकाने 'ब्लूस्नार्फिंग' जाहीर केलं. प्रकार काय होता, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या वेळच्या फोनमध्ये ब्लूटूथवरून व्हिजिटिंग कार्ड पाठवायची सोय होती. अनोळखी माणसाचं कार्डही घेता यावं म्हणून या दाराला कुलूप ठेवलेलं नव्हतं. पण काही फोनमध्ये हे दार दोन्ही बाजूंनी उघडं निघालं. कार्ड 'देण्या'ऐवजी कोणी ठरावीक नावाची फाइल 'मागितली', तर फोन ती मुकाट्याने देत असे. त्यात अख्खं फोनबुक होतं, कॅलेंडर होतं. मालकाला काही विचारलं जात नसे, पडद्यावर काही दिसतही नसे. नोकिया ६३१०आय आणि सोनी एरिक्सन टी६१० ही त्यातली ठळक नावं. मार्च २००४ मध्ये मार्टिन हेरफुर्ट याने जर्मनीत हॅनोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात, खऱ्या गर्दीत, याची क्षेत्रीय चाचणी केली आणि ही प्रयोगशाळेपुरती बाब नाही हे दाखवून दिलं.

त्यावर नेहमीचं उत्तर तयार होतं : एक तर फोन 'अदृश्य' ठेवा, आणि दुसरं म्हणजे हल्ला करणारा जवळच असावा लागतो, त्यामुळे धोका मर्यादित आहे.

अदृश्यतेचा प्रश्न आधीच सुटला होता. अदृश्य फोन "इथे कोण आहे?" या हाकेला ओ देत नाही, पण थेट त्याच्या पत्त्यावर हाक मारली तर ओ देतो. ओली व्हाइटहाउस याने २००३ मध्येच 'रेडफँग' हा प्रोग्रॅम लिहून पत्ते एकामागून एक तपासत जाण्याची पद्धत दाखवली होती. पत्ता ४८ बिटांचा, पण त्यातला निम्मा भाग कंपनीवरून ठरतो, म्हणजे शोधायचं क्षेत्र बरंच आकसतं.

राहिलं अंतर. ऑगस्ट २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे हेरफुर्ट, जॉन हेरिंग आणि त्यांचे साथीदार यांनी प्रयोग केला. लक्ष्य होता नोकिया ६३१०आय, कोणताही बदल न केलेला. हल्ल्याच्या बाजूला ब्लूटूथचा साधा डोंगल, पण त्याला दिशादर्शक अँटेना जोडलेली. अंतर १.७८ किलोमीटर. फोनबुक बाहेर आलं.

हे कसं शक्य झालं? तुमच्याकडे गणित तयार आहे, ते लावून बघा. १.७८ किलोमीटर म्हणजे १० मीटरच्या १७८ पट. त्याने सिग्नल आणखी ४५ डेसिबलने कमी होणार. एकूण घट सुमारे १०५ डेसिबल. २.५ मिलिवॅटचा, म्हणजे ४ डीबीएमचा फोन धरला तर तिकडे पोचतात उणे १०१ डीबीएम. साध्या डोंगलला हे ऐकू येणार नाही. आता सुमारे २० डेसिबल लाभाची अँटेना लावली असं धरा : उणे ८१. चांगल्या रिसीव्हरच्या टप्प्यात आलं. अँटेना ऐकताना जितकी मदत करते तितकीच बोलतानाही करते, त्यामुळे उलट दिशेचा प्रश्नही सुटला. फोनला हातसुद्धा लावावा लागला नाही.

म्हणजे संपर्काचं अंतर दोन्ही टोकं मिळून ठरवतात. आपण आपल्या टोकाची माहितीपुस्तिका वाचून दहा मीटर म्हणतो. समोरच्या टोकाला कोण बसलंय आणि त्याच्याकडे कोणती अँटेना आहे, हे त्या पुस्तिकेत नसतं.

पल्ला खरोखर दहा मीटर असला तरी?

समजा कोणाकडे मोठी अँटेना नाही. मग तरी निर्धास्त राहता येईल का? याच वर्षी, जून २००४ मध्ये, 'काबिर' सापडला. सिम्बियन फोनवर ब्लूटूथवरून पसरणारा हा पहिला मोबाइल वर्म मानला जातो. तो जवळच्या फोनला स्वतःची फाइल पाठवायचा. समोरच्याने 'हो' म्हटलं तरच ती बसायची. पण 'नाही' म्हटलं तरी विनंती पुन्हा पुन्हा येत राहायची, आणि वैतागून कोणी तरी 'हो' दाबायचं.

काबिरचा पल्ला अगदी दहा मीटरच होता. पण फोनवाली माणसं चालतात, बसने आणि विमानाने जातात. ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकीत जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा सुरू असताना स्टेडियममध्येच काबिरची लागण झाल्याचं एफ-सिक्युअर या फिनिश कंपनीने जाहीर केलं. हजारो माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली असताना दहा मीटर पुष्कळ झाले. आपल्याकडे त्या वर्षांत "ब्लूटूथ चालू कर, गाणं पाठवतो" हे कॉलेजच्या कट्ट्यावरचं नेहमीचं वाक्य होतं. गाणं ज्या वाटेने एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं, त्याच वाटेने असा वर्मही जाऊ शकत होता.

पिनचे चार आकडे

२००५ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या यानिव शाकेद आणि अविशाय वूल यांनी याकोबसन-वेट्झेल यांच्या इशाऱ्याचं मोजमाप करून दाखवलं. जोडणीचं संभाषण ऐकलेलं असेल, तर चार आकडी पिन शोधायला तेव्हाच्या पेंटियम ४ संगणकावर ०.०६ सेकंद लागले. चार आकडे म्हणजे १०,००० पर्याय; संगणकाला ते काहीच नाहीत. शिवाय अनेक हेडसेटचा पिन कारखान्यातूनच ०००० असायचा, तिथे शोधायचीही गरज नव्हती.

पण यात एक 'जर' आहे ना? जोडणीच्या वेळी हल्लेखोर हजर हवा. म्हणूनच त्या काळी सल्ला दिला जाई की जोडणी खासगी जागेत, एकट्याने करा. बघा, पुन्हा अंतर! शाकेद आणि वूल यांनी त्याच पेपरमध्ये हेही मांडलं की, आधीच जोडलेल्या उपकरणांना "आपली जुनी ओळख विसरली गेली आहे" असं भासवून पुन्हा जोडणी करायला भाग पाडता येतं. म्हणजे ती खासगी जागेतली जोडणी तुम्ही चौकात पुन्हा कराल, आणि तीही हल्लेखोराच्या सोयीच्या वेळी.

उत्तर आलं २००७ च्या २.१ आवृत्तीत. जोडणीची पद्धतच बदलली. दोन्ही उपकरणं सार्वजनिक किल्लीच्या गणिताने समाईक गुपित तयार करतात, आणि दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते. ती जुळते का एवढंच तुम्ही बघता. ऐकणारा कितीही जवळ असो वा लांब, नुसतं ऐकून त्याला किल्ली मिळत नाही. इतिहासाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. इथे पहिल्यांदा मानकाने "शत्रू शेजारीच बसलेला आहे" असं धरून आखणी केली. अंतर हिशेबातून बाहेर काढलं. एक फट मात्र राहिली : ज्या उपकरणाला पडदाच नाही, त्याच्यासाठी संख्या न जुळवता होणारी जोडणी ठेवावी लागली, आणि तिथे मध्येच शिरणाऱ्या माणसाला अडवणारं काही नाही.

धडा शिकलो, पण वही बदलली

२०१० मध्ये ४.० आवृत्ती आली आणि तिच्यासोबत कमी ऊर्जेचं ब्लूटूथ. मनगटी पट्टे, वैद्यकीय सेन्सर, बटणाच्या सेलवर महिनोन्‌महिने चालणारी उपकरणं. या चिप इतक्या लहान होत्या की सार्वजनिक किल्लीचं गणित त्यांना जड जाईल असं मानलं गेलं. म्हणून जोडणीची सोपी पद्धत ठेवली. तिला फक्त ऐकणाऱ्यापासूनही संरक्षण नाही, हे मानकात स्वच्छ लिहिलेलं होतं. २०१३ मध्ये माइक रायन याने ती पद्धत फोडणारं साधनच जाहीर केलं. सहा आकडी पिनचे दहा लाख पर्याय संगणक क्षणार्धात तपासतो. डिसेंबर २०१४ च्या ४.२ आवृत्तीत सार्वजनिक किल्लीची पद्धत इथेही आली. म्हणजे २००५ ते २००७ चा धडा २०१३-१४ मध्ये पुन्हा गिरवावा लागला.

अशीच एक जुनी तडजोड २०१९ मध्ये वर आली. दानिएले अँतोनिओली, निल्स टिपनहाउअर आणि कास्पर रासमुसेन यांनी 'नॉब' हल्ला मांडला. जोडलेली दोन उपकरणं किल्ली किती बाइटांची ठेवायची हे आपसात ठरवतात, १ ते १६ बाइट. वेगवेगळ्या देशांचे सांकेतिकीकरणाचे कायदे वेगळे, म्हणून ही लवचिकता ठेवलेली होती. पण हे ठरवण्याचं संभाषण उघड्यावर होत असे. मध्ये शिरलेला माणूस दोघांनाही "एकच बाइट चालेल" असं पटवू शकत होता. एक बाइट म्हणजे २५६ किल्ल्या! त्यानंतर किल्ली किमान ७ बाइटांची असावी अशी शिफारस एसआयजीने केली.

आता उलटा प्रश्न : अंतर मोजून द्या

इथपर्यंत आपण म्हणत होतो की अंतरावर विसंबू नका. मग २०२० मध्ये जगाने ब्लूटूथला नेमकं अंतरच विचारलं. भारतात २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू आलं, त्याच महिन्यात ॲपल आणि गूगल यांनी त्यांची संयुक्त योजना जाहीर केली. प्रश्न होता : हा माणूस त्या माणसाच्या किती जवळ होता? ब्लूटूथला अंतर ठाऊक नसतं, सिग्नलची तीव्रता ठाऊक असते. फोन मागच्या खिशात असला, मध्ये शरीर आलं, बाजूला धातूची भिंत असली, की तीव्रता बदलते. डग्लस लीथ आणि स्टीफन फॅरेल यांनी डब्लिनमधल्या ट्राममध्ये हे मोजलं. त्यांच्या माहितीवर जर्मन आणि स्विस ॲपच्या नियमांनी एकही सूचना दिली नाही. इटालियन नियमाने खऱ्या आणि खोट्या संपर्काच्या सूचना सारख्याच प्रमाणात दिल्या, निम्म्या-निम्म्या. म्हणजे छापा-काटा.

जीव वाचवायला जी मोजपट्टी काढली ती अशी निघाली. मग हीच मोजपट्टी कुलपाला लावली तर? "फोन गाडीजवळ आला की दार उघड" ही सोय आज अनेक गाड्यांत आहे. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुपच्या सुलतान कासिम खान याने टेस्ला मॉडेल ३ वर रिले हल्ला दाखवला. एक उपकरण गाडीपाशी, दुसरं मालकाच्या फोनपाशी. दोघं मिळून एकीकडचे शब्द दुसरीकडे पोचवतात. सांकेतिकीकरण फोडलंच नाही, त्याची गरजही नव्हती. फोन खरा, किल्ली खरी, संदेश खरे. फक्त फोन तिथे नव्हता.

या निरोप्यामुळे होणारा उशीर होता सुमारे ८ मिलिसेकंद. आपल्याला ८ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. पण तेवढ्या वेळात प्रकाश २,४०० किलोमीटर जातो. ब्लूटूथची एक उडी ६२५ मायक्रोसेकंदांची असते. तेवढ्यातही प्रकाश १८७ किलोमीटर जातो. इतक्या जाड घड्याळाने गाडी आणि मालक यांच्यातले दोन मीटर कसे मोजणार? दोन मीटर म्हणजे प्रकाशाचे फक्त ७ नॅनोसेकंद.

गंमत म्हणजे याचं तात्त्विक उत्तर केव्हाच तयार होतं. स्टीफन ब्रँड्स आणि डेव्हिड चॉम यांनी १९९३ मध्ये 'अंतर-मर्यादा' पद्धत मांडली : प्रश्न विचारा, उत्तर यायला लागलेला वेळ मोजा, आणि प्रकाशापेक्षा वेगाने कोणी जाऊ शकत नाही यावर विसंबा. अंतराबद्दलचं हे एकच गृहीतक असं आहे की जे मोठी अँटेना लावून मोडता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये सिग्नलची कला आणि येण्या-जाण्याचा वेळ यांवरून अंतर मोजण्याची सोय आली. तीस वर्षांनी ब्लूटूथ पहिल्यांदा अंतर *मोजू* लागलं. तोवर ते फक्त मानत होतं.

तुमच्या आराखड्यासाठी

आता मूळ प्रश्नाकडे : "तुमची गृहीतकं कोणती?" या इतिहासातून तीन सवयी घ्या, असं मी सुचवेन.

पहिली, कोणताही आकडा वाचला की विचारा : हा किमान आहे, कमाल आहे की सरासरी? आणि तो कोणाला उद्देशून लिहिला आहे? ग्राहकासाठी लिहिलेली हमी शत्रूला लागू होत नाही.

दुसरी, मूळ दस्तऐवज उघडा. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथची उणीव लपवलेली नव्हती, मानकातच लिहिलेली होती. २००१ चा इशाराही छापील होता. संशोधनातल्या कितीतरी 'शोधां'ची सुरुवात कोणीच न वाचलेल्या परिच्छेदातून झाली आहे.

तिसरी, गृहीतक कशाच्या जोरावर उभं आहे ते लिहा. "साधनं महाग आहेत" याच्या जोरावर असेल तर ते किती वर्षं टिकेल याचा अंदाज द्या. गणिताच्या जोरावर असेल तर कोणत्या गणिताच्या. निसर्गनियमाच्या जोरावर असेल तर उत्तम, पण तुमचं घड्याळ तेवढं बारीक आहे का तेही सांगा.

आणि फोनचं काय करायचं? सोपं आहे. सॉफ्टवेअरची अद्यतनं वेळेवर घ्या, सहा आकडी संख्या आली तर न बघता 'हो' दाबू नका, अनोळखी जोडणीच्या विनंत्या नाकारा, काम नसताना ब्लूटूथ बंद ठेवा. "आजूबाजूला तर कोणीच नाही" हे मात्र कारण म्हणून मोजू नका. सांता मोनिकाच्या त्या फोनच्या आजूबाजूलाही हल्ला करणारं कोणी नव्हतं. तो माणूस पावणेदोन किलोमीटरवर होता.